गटात सुनीता किती?

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत हजेरी घेताना एक गंमत करून बघा. हजेरी पुस्तकातली आडनावं झाका, नवऱ्यांची नावं झाका आणि नुसती आपापली नावं मोठ्यानं वाचा. दहा-बारा जणींच्या गटात दोन सुनीता, नाहीतर दोन मंगल, नाहीतर दोन संगीता निघाल्या तर नवल वाटायला नको. ग्रामसंघाची यादी काढली तर सुनीता पाच-सहा होतील, आणि प्रभागसंघाच्या यादीत तर बोटं पुरायची नाहीत.

कुणी म्हणतं, "माझं नाव काय बाई, गल्लोगल्ली आहे." कुणी म्हणतं, "माझ्या नावाची दुसरी बाई पंचक्रोशीत नाही." दोन्ही गोष्टी आपण हसत बोलतो नि विसरून जातो. पण नाव सर्रास असलं काय किंवा वेगळं असलं काय, त्याचा आपल्या पासबुकावर, कर्जावर आणि माहेरच्या हिश्श्यावर परिणाम होतो. म्हणून या वेळी थोडं नावाविषयी बोलू.

एकच नाव इतक्या जणींचं कसं?

आपल्या आज्यांची नावं आठवा. गंगूबाई, यमुना, गोदावरी, भागीरथी, पार्वती, कौसल्या, द्रौपदी. नद्यांची नाहीतर देवादिकांची. आपण गोदावरीच्या काठचे लोक, तेव्हा घरात एखादी गोदाबाई असणारच. त्या काळी नावं ठेवायची तर ती कीर्तनातून, पोथीतून आणि तीर्थक्षेत्रांवरूनच यायची.

मग रेडिओ आला, सिनेमा आला. आईच्या पिढीत लता, आशा, उषा, शोभा, मंगल, संगीता, सुनीता, अनिता, सविता, छाया यांची रांग लागली. गंमत म्हणजे लता मंगेशकरांचं पाळण्यातलं नाव लता नव्हतंच, हेमा होतं. वडील मास्टर दीनानाथांच्या 'भावबंधन' नाटकात लतिका नावाचं पात्र होतं, त्यावरून पुढं त्यांना लता म्हणू लागले. म्हणजे नाटकातलं नाव एका घरात आलं आणि त्या घरातल्या गळ्यानं ते देशभर नेलं.

त्यानंतर मनीषा, वैशाली, रूपाली, सोनाली, अश्विनी, पूजा आल्या. आता अंगणवाडीच्या रजिस्टरमध्ये बघा, आराध्या, स्वरा, अनन्या, श्रेया, ईश्वरी दिसतील. त्यात सुनीता सापडणं अवघड.

याचं कारण साधं आहे. बारशाला नाव आत्या ठेवते. पत्रिकेवरून अक्षर काढलेलं असतं, त्या अक्षराची नावं मोजकीच. त्यातून ज्याचा बोलबाला आहे, जे चार ठिकाणी कानावर आलंय, तेच आत्याला सुचतं. शेजारच्या गावच्या आत्यालाही त्याच वर्षी तेच सुचतं. म्हणून "आमच्या पोरीचं नाव एकदम वेगळं" असं म्हणून ठेवलेलं नाव, पोरगी शाळेत गेल्यावर एकाच वर्गात तिघींचं निघतं.

गावाचाही नावांवर रंग असतो. कोपरगावच्या बेटात शुक्राचार्यांचं मंदिर आहे. त्यांची मुलगी देवयानी. कच-देवयानीची गोष्ट आपल्याकडं लहान पोरालाही ठाऊक असते, म्हणून देवयानी हे नाव आपल्याला परकं वाटत नाही. शिर्डी शेजारी, त्यामुळं साईनाथ, साईराज, साईशा ही नावंही आपल्या ओळखीची. तेच नाव दुसऱ्या जिल्ह्यात गेलं की लोक दोनदा विचारतील, "काय म्हणालात?" तेव्हा नाव सर्रास की वेगळं, हे पिढीवर आणि गावावर ठरतं. त्यात कमीपणाही नाही आणि मोठेपणाही नाही.

दोन शंकरराव, आणि आपण

एकाच नावाची दोन माणसं असली की लोक काय करतात, त्याचा दाखला आपल्याच तालुक्यात आहे. कोपरगावात दोन साखर कारखाने. एकाला नाव कर्मवीर शंकरराव काळे यांचं, दुसऱ्याला सहकारमहर्षी शंकरराव कोल्हे यांचं. दोघंही शंकरराव, दोघंही सहकारातले, दोघंही आमदार राहिलेले. पण उसाचं बिल कुठल्या कारखान्याचं, यात कधी कुणाचा घोळ होत नाही. कारण पुढं आडनाव जोडलंय, मागं पदवी जोडलीय. पुरुषाचं नाव सर्रास असलं तरी त्याला वेगळं ओळखायची सोय लोक आपणहून करतात.

बायकांच्या बाबतीत सोय कशी करतात? "मळ्यातली सुनीता." "वरच्या आळीची सुनीता." "येवल्याहून आलेली ती." "बंड्याची आई." कुणी नवऱ्यावरून, कुणी पोरावरून, कुणी माहेरच्या गावावरून. गावात चालून जातं, कारण सगळे सगळ्यांना ओळखतात. पण बँकेतल्या साहेबाला बंड्या माहीत नाही आणि मळाही माहीत नाही.

आणखी एक बघा. "नाव घे" म्हटलं की आपण उखाणा घेतो आणि नवऱ्याचं नाव घेतो. स्वतःचं नाव चारचौघांत पूर्ण उच्चारायची वेळच कितीदा येते? घरी 'अगं', 'सूनबाई', 'वहिनी', 'काकू'. वापरात नसलेलं नाव कागदावर चुकलं तर ते लवकर कुणाच्या ध्यानात येत नाही. चूक कळते ती पैसे अडकल्यावर.

लग्नात बदललेलं नाव

आता ज्यांची नावं शाळेच्या पुस्तकात वाचली, त्या बायकांकडं बघू.

डॉ. आनंदीबाई जोशी. १८८६ साली अमेरिकेत शिकून डॉक्टर झाल्या. त्यांचं माहेरचं नाव यमुना. लग्नात आनंदी झालं. न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी रमाबाई रानडे, ज्यांनी पुण्यात सेवासदनाचं मोठं काम उभं केलं, त्यांचंही माहेरचं नाव यमुनाच. आणि महर्षी कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई, ज्यांना सगळे बाया कर्वे म्हणत, त्या माहेरच्या गोदावरी. विधवा झाल्यावर पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकल्या, १८९३ साली कर्व्यांशी पुनर्विवाह झाला आणि त्या आनंदी झाल्या.

म्हणजे दोन यमुना आणि एक गोदावरी. तिघींची पहिली नावं आज फार कमी लोकांना माहीत आहेत. त्या काळी लग्नात मुलीचं आडनाव बदलायचं आणि पहिलं नावही बदलायचं. तांदळात अंगठीनं नवं नाव लिहायचं, की झालं. आपल्यातही कितीजणींचं असं झालंय! माहेरी शाळेच्या दाखल्यावर एक नाव, सासरी रेशनकार्डावर दुसरं.

लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे, असा कुठलाही कायदा नाही. पहिलं नाव नाही आणि आडनावही नाही. बदललं तर हरकत नाही, तो जिचा तिचा प्रश्न. पण बदललं असेल तर जुनं नाव आणि नवं नाव यांना जोडणारा एखादा कागद जवळ पाहिजे. का, ते सांगते. २००५ च्या कायद्यातल्या बदलानं वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा मुलाइतकाच हक्क झाला. उद्या वारस नोंद करायची वेळ आली तर माहेरच्या कागदावर असेल यमुना आणि आपल्या आधारवर असेल आनंदी. "ही यमुना म्हणजे मीच" हे तलाठी कार्यालयात नुसतं तोंडानं सांगून चालत नाही.

नकोशी

आता जरा जड विषय. वेगळं नाव म्हणजे छान नाव, असं नेहमी नसतं. काही नावं ऐकली की जीव कळवळतो.

पूर्वी घरात मुलं जगत नसली तर झालेल्या पोराला दगडू, धोंडू, केरू असं नाव ठेवायचे. हेतू हा की नाव ओबडधोबड असलं की नजर लागणार नाही, काळ त्याच्याकडं बघणार नाही, पोर जगेल. नाव खडबडीत, पण त्यामागं माया.

आणि पाठोपाठ मुली झाल्या तर तिसरीला किंवा चौथीला नाव ठेवायचे नकोशी, नकुसा. समज असा की हिला नकोशी म्हटलं की पुढं मुलगा होईल. दगडू नावामागं 'हा जगू दे' होतं, नकोशी नावामागं 'हिच्या पाठीवर दुसरा येऊ दे' होतं. तिला मात्र ते नाव शाळेत रोज हजेरीला ऐकावं लागायचं. बाईंनी पुकारायचं "नकोशी" आणि तिनं म्हणायचं "हजर".

सातारा जिल्ह्यात अशा मुलींचा गावोगाव शोध घेतला गेला. २२ ऑक्टोबर २०११ रोजी साताऱ्यात कार्यक्रम झाला आणि त्यात २८५ मुलींना नवी नावं मिळाली, तशी प्रमाणपत्रंही मिळाली. नावं मुलींनी निवडली. कुणी सिनेमातल्या नटीचं ऐश्वर्या घेतलं, कुणी वैशाली घेतलं. यातली बरीच नावं अगदी सर्रास होती. पण त्या पोरींना 'वेगळं' नाव नकोच होतं. चारचौघींसारखं नाव मिळणं हाच त्यांचा आनंद होता. सर्रास नावाला नाक मुरडताना हे लक्षात ठेवावं.

ही गोष्ट फक्त साताऱ्याची म्हणून आपण मोकळं होऊ नये. त्याच २०११ सालच्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या दर १००० मुलांमागं महाराष्ट्रात ८९४ मुली होत्या. आपल्या जिल्ह्यात होत्या ८५२. म्हणजे नकोशी हे नाव आपण ठेवलं नसेल, पण मुलगी नकोशी झालेली घरं आपल्याकडं कमी नव्हती. आपल्या गावात कुणी नकुसा, नकोशी असेल, मग ती पोरगी असो की पन्नाशीची बाई, तिला एकदा विचारा, "तुला नाव बदलायचंय का?" बदलता येतं. पुढं सांगते कसं.

ध चा मा

कागदावरच्या एका अक्षरानं काय होतं, याची म्हण आपण रोज वापरतो. 'ध चा मा करणे.' ही म्हण ज्यांच्यावरून आली, त्या राघोबादादांचा नि कोपरगावचा संबंध जवळचा. त्यांचा वाडा इथं, आणि १७८३ साली त्यांचा शेवटही इथंच झाला. १७७३ साली पुण्यात शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. हुकमात म्हणे 'धरावे' असं होतं आणि आनंदीबाईंनी ध पुसून मा केला, 'मारावे' झालं. ही आख्यायिका आहे. पण गेली अडीचशे वर्षं लोक ती सांगतात, कारण एक अक्षर इकडचं तिकडं झालं तर केवढा अनर्थ होतो, हे सगळ्यांना पटतं.

आपल्या कागदांत रोज असा ध चा मा होतो. सात-बाऱ्यावर 'सुमनबाई', आधारवर 'सुमन'. मराठीत 'शरयू', दाखल्यावर 'सरयू'. इंग्रजीत तर विचारू नका. संगीताच्या मधल्या 'गी'ला कुणी एक 'आय' लावतं, कुणी दोन 'ई'. सुनीताच्या शेवटी कुणी 'टी-ए' लिहितं, कुणी 'टी-एच-ए'. माणसाला दोन्ही सारखंच वाचता येतं, संगणकाला नाही. त्याच्या लेखी या दोन वेगळ्या बायका.

सर्रास नावाची अडचण उलटी असते. तिथं दोन बायकांची एक बाई होते. समजा, एका गटात दोन सुनीता आहेत, आडनाव एकच, आणि भावकीतल्या असल्यानं नवऱ्यांची नावंही सारखीच निघाली. एकीनं भरलेला हप्ता दुसरीच्या खात्यावर चढला तर? एकीची थकबाकी दुसरीच्या नावावर दिसली तर पुढच्या कर्जाला दुसरी अडकते. चूक कुणाचीच नसते, पण भांडण दोघींत लागतं आणि गट मोडायची वेळ येते.

आपण काय करायचं?

१. सगळे कागद एका जागी मांडा. आधार, पॅन, बँकेचं पासबुक, रेशनकार्ड, मतदार कार्ड, शाळेचा दाखला, जमीन असेल तर सात-बारा. प्रत्येकावरचं नाव अक्षर न अक्षर लावून बघा, मराठीही आणि इंग्रजीही. स्वतःला वाचता येत नसेल तर लेकीला, नातवाला किंवा सीआरपी ताईंना बसवा.

२. एक नाव पक्कं करा. पुढं सगळीकडं तेच. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणून केंद्रावर जायच्या आधी कसं हवं ते कागदावर लिहून न्या. तिथं ताईनं किंवा दादानं टाइप केल्यावर पावतीवर स्वतः वाचून घ्या, मगच उठा.

३. लग्नानंतर नाव बदललं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला काढून ठेवा. जुनं-नवं नाव जोडायला तो उपयोगी पडतो. लग्न नोंदवलंच नसेल तर ते आता तरी नोंदवता येईल का, याची ग्रामपंचायतीत चौकशी करा.

४. नाव पूर्णच बदलायचं असेल तर ते राजपत्रात, म्हणजे गॅझेटमध्ये, छापून आणावं लागतं. अर्ज ऑनलाइन होतो. शासकीय मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालयाकडं तो जातो. आपले सरकार सेवा केंद्रातून भरता येतो. छापून आलेलं पान जपून ठेवायचं, त्याच्या जोरावर बाकीचे कागद बदलतात. आपल्या जिल्ह्याचंच नाव २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. अख्ख्या जिल्ह्याचं नाव बदलतं, मग आपल्यातल्या एका नकोशीचं का बदलू नये?

५. सरकारी योजनेचे पैसे आधार जोडलेल्या बँक खात्यात येतात. दोन-तीन खाती असतील तर आधार शेवटी कुठल्या खात्याला जोडलंय ते बँकेत विचारा. "माझे पैसे दुसऱ्या सुनीताला गेले" असं वाटतं, तेव्हा कितीदा तरी ते आपल्याच विसरलेल्या खात्यात पडलेले असतात. आधी ते बघा, मग मैत्रिणीवर संशय घ्या.

६. गटाच्या पुस्तकांत नुसतं 'सुनीता' कधीच लिहू नका. सदस्य क्रमांक, पूर्ण नाव, आणि एकाच नावाच्या दोघी असतील तर कंसात माहेरचं आडनाव. माहेरचं आडनाव सहसा जुळत नाही, त्यामुळं ही खूण पक्की. ठराव लिहिताना, कर्जाच्या मागणीत, पावतीवर, सगळीकडं हीच पद्धत ठेवा. लिहिणाऱ्या ताईला दोन ओळी जास्त लागतील, पण घोळ टळेल.

७. घरात बाळ झालं की नाव लवकर नोंदवा. जन्म नोंदवताना नाव ठरलेलं नसेल तर बारा महिन्यांच्या आत ते फुकट नोंदवता येतं, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी जन्मदाखला फार महत्त्वाचा झालाय. शाळा प्रवेशापासून मतदार यादीपर्यंत जन्मतारखेचा पुरावा तोच. नाव हौसेनं वेगळं ठेवा, पण ते मराठीत आणि इंग्रजीत कसं लिहायचं ते चिठ्ठीवर लिहून द्या. 'ऋतुजा'ची 'रुतुजा' तिथंच होते.

आता आईचं नावही

शेवटी एक चांगली गोष्ट. महाराष्ट्र शासनानं मार्च २०२४ मध्ये निर्णय घेतला. १ मे २०२४ ला आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदांवर आधी बाळाचं नाव, मग आईचं नाव, मग वडिलांचं नाव आणि मग आडनाव, असा क्रम लागेल. म्हणजे आपल्या लेकीसुनांना होणाऱ्या लेकरांच्या दाखल्यावर आईचं पहिलं नाव कायमचं राहणार. वर्गात तीन आराध्या असल्या तरी आईच्या नावावरून त्या वेगळ्या ओळखू येतील. आजवर "बंड्याची आई" म्हणून आपली ओळख होती. आता बंड्यालाच आईचं नाव लावून स्वतःची ओळख सांगावी लागेल.

पण त्यासाठी आईचं नाव आईच्या कागदावर बरोबर पाहिजे. तिथं 'सुमन' की 'सुमनबाई' असा घोळ असेल तर तो आता लेकराच्या दाखल्यावरही जाईल आणि जन्मभर त्याच्या मागं लागेल. म्हणून सुनेचं बाळंतपण जवळ आलं असेल तर डोहाळजेवणाच्या यादीबरोबर तिच्या आधारवरचं नावही तपासून घ्या.

पुढच्या बैठकीसाठी प्रत्येक गटानं एवढंच काम घ्यावं. एक कोरं पान घ्या. प्रत्येकीनं उठून आपलं पूर्ण नाव सांगायचं, माहेरचं नाव सांगायचं, आणि कुठल्या कागदावर काय चुकलंय ते सांगायचं. सचिव ताईंनी ते लिहून घ्यायचं आणि पान ग्रामसंघाकडं द्यायचं. ग्रामसंघानं सगळ्या गटांची यादी एकत्र केली की आधार केंद्रावर एकेकटीनं खेटे घालण्यापेक्षा दहा-दहा जणींनी मिळून जाता येईल.

आणि हो, ज्यांची नावं लग्नात बदलली, त्यांनी त्या दिवशी आपलं पहिलं नाव एकदा तरी मोठ्यानं सांगा. कितीजणी यमुना, कितीजणी गोदावरी निघतात ते आम्हालाही कळवा.